आमची वाटचाल: काचेच्या तावदानांपासून जोडटाक्यांपर्यंत

आमचा मूळ धंदा काचेचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं छोटं दुकान. खिडक्यांची तावदानं, फोटोफ्रेम, शोकेसच्या काचा, असलं सगळं. फिशटँक हा उरलेल्या काचेचा जोडधंदा होता. कापून राहिलेल्या पट्ट्या वाया जाऊ नयेत म्हणून आबा दोन फुटी टाक्या चिकटवून ठेवायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या बऱ्यापैकी खपायच्या. मासे आम्ही कधी विकले नाहीत, आजही विकत नाही. कुर्ल्याच्या बाजारातून रात्रीच्या लक्झरीने थर्माकोलच्या पेट्या येतात, चेन्नईच्या कोळत्तूरहून येतात, पण तो वेगळ्या माणसांचा धंदा. आपलं काम काच, पाइप आणि पाणी.

जोडटाक्यांकडे, म्हणजे पाइपने एकमेकींना जोडलेल्या, एकच पाणी फिरणाऱ्या टाक्यांकडे, वळलो ते एका शिक्षक गिऱ्हाइकामुळे. त्यांनी आमच्याकडून चार फुटी तीन टाक्या नेल्या, मागच्या काचेला भोकं पाडून घेतली आणि बाकीचं प्लंबिंग घरी स्वतःच्या हाताने केलं. तिन्ही टाक्या एका ओळीत, खाली प्लॅस्टिकचा टब. टाक्यांतलं पाणी भोकातून टबात उतरायचं, टबातल्या फिल्टरमधून जायचं आणि मोटर ते परत वर चढवायची. काम इतकं नीटस होतं की प्लंबरनेही मान डोलवावी. एका रात्री लाइट गेली आणि सकाळी खालच्या मजल्यावरचे शेजारी छतातून पाणी गळतंय म्हणून वर आले.

सरांना वाटलं, पाइप कुठेतरी निसटला. तसं काही नव्हतं. पाणी वर नेणाऱ्या पाइपची तोंडं टाकीत पाण्याखाली दहा सेंटिमीटरवर होती. मोटर बंद पडली की तोच पाइप सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टाकीतलं पाणी उलट्या वाटेने खाली आणत राहतो. हिशेब सोपा आहे. १२० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पाण्याची एक सेंटिमीटर पातळी म्हणजे ५.४ लिटर. दहा सेंटिमीटर म्हणजे ५४. तीन टाक्यांचे १६२ लिटर, आणि टबात रिकामी जागा साठ लिटरचीसुद्धा नव्हती. उरलेलं पाणी कुठे जाणार? खाली.

त्यावर आम्ही सांगितलेला उपाय दहा मिनिटांचा होता. पाइपची तोंडं वर घ्यायची, पाण्याच्या जेमतेम दोन सेंटिमीटर खाली, आणि त्याच पाइपला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक छिद्र पाडायचं, म्हणजे पातळी जराशी उतरली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. लोक एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवा म्हणतात. बसवा की, पण भरवसा ठेवू नका. त्यात एखादी गोगलगाय किंवा पानाचा देठ अडकला की तो बंद होत नाही. छिद्रही शेवाळाने बुजतं, म्हणून महिन्यातून एकदा काडी घालायची.

तेव्हापासून वर्कशॉपचा नियम ठरला. टाकी कुणाच्याही घरी लागो, पाणी फिरायला लागलं की आमचा माणूस मेन स्विच बंद करतो आणि गिऱ्हाइकासोबत उभा राहतो. खालच्या टाकीची पातळी चढत जाते, थांबते. ती जिथे थांबली तिथे मार्करने रेघ मारायची. मग स्विच चालू. हे झाल्याशिवाय बिल फाडत नाही. चालू असताना कुठलीही जोडणी चांगलीच दिसते. लाइट गेल्यावर ती कशी वागते यावर आमचं सगळं डिझाइन बेतलेलं आहे.

भोकांबद्दल थोडं सांगतो, कारण घरी करणाऱ्यांची काच तिथेच फुटते. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच असेल तर हातच लावायचा नाही, एका क्षणात तिचा चुरा होतो. साध्या काचेला हिऱ्याची कड असलेलं गोल बिट लागतं. भोकाच्या जागेभोवती पुट्टीचं कडं करायचं, त्यात पाणी भरायचं, बिट आधी तिरपं टेकवून एक चंद्रकोर कोरून घ्यायची आणि मग सरळ करायचं. पाणी दुधासारखं पांढरं होत जातं. दाब द्यायचा नाही, मशीनच्या वजनानेच काम होऊ द्यायचं. शेवटच्या मिलिमीटरला घाई केली की मागच्या बाजूने कपची निघते, म्हणून मागे दुसरी टाकाऊ काच चिकटवून ठेवतो. आमच्याकडे हे काम धाकटा भाऊ करतो. तो मशीनवर असताना त्याच्याशी कुणी बोलत नाही, गिऱ्हाईकसुद्धा नाही.

पुढे मागणी आली ती पैदास करणाऱ्यांची. इचलकरंजी, हातकणंगले भागात घरामागच्या शेडमध्ये गप्पी, मॉली, एंजल काढणारी बरीच मंडळी आहेत. त्यांना वीस-पंचवीस छोट्या टाक्या, पण फिल्टर एकच हवा असतो. यात पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात साखळीचा येतो: पहिल्या टाकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. दिसायला स्वस्त, पण एक इंची पाइपमधून तासाला हजार लिटर न्यायचे तर दोन टाक्यांच्या पातळीत तीन-चार सेंटिमीटरचा फरक पडतो. प्रवाह दुप्पट केला की तो फरक चौपट. आणि साखळीत हे फरक एकमेकांत मिळत जातात, पहिली टाकी काठोकाठ आणि शेवटची खोल गेलेली. त्यात मधल्या जाळीवर एक पान बसलं की पहिली टाकी वाहिलीच. म्हणून आम्ही प्रत्येक टाकीला स्वतंत्र नळ आणि स्वतंत्र उतार देतो, सगळे उतार एका जाड पाइपात. खर्च वाढतो. वाढू दे.

एक फिल्टर म्हणजे एकच पाणी, हे मात्र पैदासवाल्यांनाही समजावून सांगावं लागतं. एका टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की तो सगळ्या टाक्यांत आला. त्या परजीवीची पिल्लं पाण्यात मोकळी पोहत यजमान शोधतात, त्यांना पाइप म्हणजे हमरस्ता. परतीच्या पाइपावर यूव्ही दिवा लावला तर बऱ्याच मरतात, सगळ्या नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या जोडणीसोबत आम्ही एक सुटी टाकी देतोच, तिचं पाणी वेगळं, जाळी वेगळी, हात पुसायचा टॉवेलसुद्धा वेगळा. नवा मासा आधी तिथे. ती टाकी नको, तेवढे पैसे कमी करा, असं म्हणणारे आहेत. त्यांना आम्ही टाकी देतो आणि पैसेही लावतो.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ॲक्रिलिकचा बोगदा झाला, आणि आमच्याकडे नवीनच फर्माईश सुरू झाली. "अहो, या टाकीतला मासा त्या टाकीत जाईल आणि आम्हाला जाताना दिसेल, असं काही होतं का?" होतं. दोन टाक्यांच्या मध्ये काचेचा उलटा पूल उभा करायचा, दोन्ही पाय पाण्यात बुडालेले, आणि वरची हवा नळीने ओढून घ्यायची. पाणी आपसूक वर चढतं आणि टाक्यांच्या काठाच्या वर उभं राहतं. बाहेरच्या हवेचा दाब ते धरून ठेवतो. पाहुणे येऊन बघतात तेव्हा निम्म्यांना वाटतं वर कुठेतरी मोटर लपवलीय.

पण हे काम कारागिराची परीक्षा घेतं. साध्या टाकीत पाणी काचेला बाहेर ढकलतं, पुलात उलटं होतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे काच आत ओढली जाते. तीस सेंटिमीटर रुंद आणि चाळीस उंच काचेवर हा भार सरासरी २४ किलोच्या आसपास येतो. सांधे त्या हिशेबाने करावे लागतात, आतून आधाराच्या पट्ट्या द्याव्या लागतात, आणि सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण गेल्याशिवाय पाण्याला लावायचं नाही. आठवडा तरी थांबतोच. गिऱ्हाईक फोन करून थकतं.

दुसरी गोष्ट हवेची. पाण्यातले बुडबुडे पुलाच्या माथ्याशी साठत जातात आणि पातळी हळूहळू उतरते. म्हणून माथ्याला एक बारीक नळी काढून ती पावरहेडच्या, म्हणजे पाण्यात बुडवायच्या छोट्या मोटरच्या, हवा ओढणाऱ्या तोंडाला जोडतो, हवा साठायच्या आत खेचली जाते. आणि घर आठ-पंधरा दिवस बंद राहिलं, पाणी आटून पुलाचा पाय उघडा पडला, तर वरचं सगळं पाणी एकदम खाली येतं. वीस लिटरचा पूल चार फुटी दोन टाक्यांत उतरला तर पातळी साधारण दोन सेंटिमीटर चढते. तेवढी जागा काठाशी मोकळी सोडलेली असली की फरशी कोरडी राहते. माशांचं म्हणाल तर झेब्रा डॅनिओ पहिल्याच दिवशी पलीकडे जातात. एंजल बरेच दिवस पायाशी घुटमळतात.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचं वर्कशॉप वाचलं, पण गिऱ्हाइकांकडे लाइट नव्हती, नळाला पाणी नव्हतं, आणि शिरोलीजवळ हायवे बंद, म्हणजे बाहेरून काही यायचं नाव नाही. फोनवर सगळ्यांना एकच सांगत होतो: खायला घालू नका, मगने पाणी उंचावरून ओता, बंद डब्याचा फिल्टर असेल तर लाइट आल्यावर थेट चालू करू नका, आधी धुवा. बंद फिल्टरमध्ये पाणी अडलं की ऑक्सिजन संपतो, आतले उपयोगी जिवाणू मरतात, आणि ती घाण एकदम टाकीत येते. खाली उघडा संप, म्हणजे फिल्टरचा टब, असलेल्या जोडटाक्या जास्त तगल्या. पाणी एकूणच जास्त, त्यामुळे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया चढायला वेळ लागतो. त्यानंतर बॅटरीवर चालणारा एअरपंप आम्ही कोटेशनमध्ये धरायला लागलो. पूर्वी लोक तो खोडायचे, आता खोडत नाहीत.

सध्या अर्धं काम घरी करणाऱ्यांचंच आहे. भोकं पाडलेल्या काचा, टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा), कापून दिलेले पाइप आणि एक हाताने काढलेला नकाशा, इतकं पार्सल करतो. नकाशावर आबांच्या अक्षरात सगळ्यात वर मापं असतात आणि त्याखाली लगेच दोन ओळी: मासे सोडायच्या आधी चार ते सहा आठवडे पाणी नुसतं फिरू द्या, आणि पहिल्या दिवशी मेन स्विच बंद करून रेघ मारा. रेघेचा फोटो पाठवला तरच पुढच्या शंकांना उत्तर मिळतं. पुलाचं पार्सल मात्र करत नाही. तो हवा असेल तर आम्हाला घरी बोलवावं लागेल, आणि सध्या दिवाळीपर्यंत तारखा भरलेल्या आहेत.