पगार, क्वार्टर आणि गाडी : बारा लाखांच्या उंबरठ्यावरचा प्राप्तिकर

नव्या करपद्धतीत हिशेब करण्यासारखे काही उरलेच नाही, असे नोकरदारांकडून मी सतत ऐकते. कलम ८०सीची गुंतवणूक नाही, घरभाडे भत्त्याची सूट नाही, आरोग्य विम्याचा हप्ता नाही. पगारातून पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट काढायची आणि उरलेली रक्कम बारा लाखांच्या आत असली की कर शून्य, एवढेच ते गणित, असा समज पक्का झाला आहे. पगारपत्रकाच्या कामात बरीच वर्षे काढल्यामुळे मला या समजाची काळजी वाटते. नव्या पद्धतीने बहुतेक वजावटी काढून घेतल्या असल्या, तरी कंपनीकडून रोख पगाराखेरीज मिळणाऱ्या सुविधांचे मूल्य उत्पन्नात मिळवण्याचा नियम तिने कायम ठेवला आहे, आणि वजावटींचा आधार गेल्यामुळे त्या मूल्याचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे. हा हिशेब प्रत्यक्षात कसा होतो ते २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनी येथे मांडत आहे.

रोख नसलेल्या सुविधांवर कर कोणी भरायचा, याबद्दल आपल्याकडे एकदा वेगळा प्रयोगही होऊन गेला आहे. २००५ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी फ्रिंज बेनिफिट टॅक्स आणला, तेव्हा गाडीसारख्या अनेक सुविधांवरचा कर कंपनीच भरत असे आणि कर्मचाऱ्याच्या फॉर्म १६ मध्ये, म्हणजे पगार आणि कापलेला कर दाखवणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रात, त्यांचा उल्लेख येत नसे. २००९ मध्ये प्रणव मुखर्जी यांनी तो रद्द केला आणि हा बोजा पुन्हा कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात आला. तेव्हापासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम १७(२) आणि १९६२ च्या नियमावलीतील नियम ३ हीच या हिशेबाची पायाभूत वाक्ये राहिली आहेत. पगारपत्रकाचे काम करणारे लोक या सुविधांना ‘पर्क्स’ म्हणतात आणि त्यांची यादी फॉर्म १२बीए मध्ये देतात.

आता एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करणारे एक अभियंते आहेत असे समजू. त्यांचा मूळ पगार दरमहा ६५,००० रुपये, विशेष भत्ता दरमहा ३२,००० रुपये आणि वार्षिक बोनस ६०,००० रुपये आहे. म्हणजे वर्षाचा रोख पगार १२,२४,००० रुपये होतो. एप्रिल २०२५ पासून ते कंपनीच्या मालकीच्या क्वार्टरमध्ये राहतात आणि त्यासाठी त्यांच्या पगारातून दरमहा १,००० रुपये भाडे कापले जाते. क्वार्टरमध्ये कंपनीचे फर्निचर नाही. शिवाय १.६ लिटरपेक्षा लहान इंजिनाची कंपनीची गाडी चालकासह त्यांच्या दिमतीला आहे. ती कामासाठी आणि घरच्या वापरासाठीही चालते आणि तिचा सगळा खर्च कंपनी करते.

केवळ रोख पगार पाहिला तर १२,२४,००० मधून ७५,००० वजा जाऊन ११,४९,००० रुपये उरतात आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ करणाऱ्या कलम ८७ए च्या सुटीमुळे कर शून्य होतो. आपल्याला काहीच भरायचे नाही असे या अभियंत्यांना वाटले, तर त्यात त्यांचा दोष नाही, कारण पगाराच्या स्लिपवर क्वार्टरचे किंवा गाडीचे मूल्य बहुधा दिसतच नाही.

घराचे मूल्य काढताना ‘पगार’ कशाला म्हणायचे, हा पहिला प्रश्न येतो आणि माझ्या मते सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. एकाच कायद्यात एकाच माणसाचा पगार वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळा मोजला जातो. घरभाडे भत्त्याची सूट काढताना मूळ पगार आणि निवृत्तिलाभांत धरला जाणारा महागाई भत्ता एवढेच घेतले जाते, त्यात भर पडते ती फक्त विक्रीच्या ठरावीक टक्क्याने मिळणाऱ्या कमिशनची. कंपनीने दिलेल्या घराचे मूल्य काढताना मात्र मूळ पगार, करपात्र भत्ते, बोनस, कमिशन असे रोखीने मिळणारे जवळजवळ सगळेच मोजावे लागते आणि केवळ करमुक्त भत्ते, निवृत्तिलाभांत न धरला जाणारा महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा आणि अन्य सुविधांचे मूल्य बाहेर ठेवले जाते. त्यामुळे आपल्या उदाहरणात हा आकडा मूळ पगाराचा ७,८०,००० नसून पूर्ण १२,२४,००० आहे.

या रकमेचे किती टक्के घ्यायचे ते शहराच्या लोकसंख्येवर ठरते. १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या बदलानुसार २०११ च्या जनगणनेत ४० लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या शहरांत १० टक्के, १५ लाखांहून अधिक पण ४० लाखांपर्यंत असलेल्या शहरांत साडेसात टक्के आणि इतरत्र ५ टक्के असा दर आहे. मुंबई पहिल्या गटात येते आणि नागपूर दुसऱ्या. नाशिकची २०११ ची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या आसपास होती, म्हणजे ते अगदी थोडक्यात तिसऱ्या गटात राहिले. पूर्वीचा नियम २००१ ची जनगणना धरत असे आणि त्या वेळी दहा लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळे नाशिकला १० टक्के दर लागत होता. नाशिककरांसाठी या बदलाने घराचे मूल्य सरळ निम्मे झाले आहे. आपल्या अभियंत्यांच्या घराचे मूल्य १२,२४,००० च्या ५ टक्के, म्हणजे ६१,२०० रुपये होते. त्यातून वर्षभरात कापलेले १२,००० रुपये भाडे वजा केले की ४९,२०० रुपये उरतात.

एकाच घरात अनेक वर्षे राहणाऱ्यांसाठी याच दुरुस्तीत आणखी एक संरक्षण आले आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. पगार कितीही वाढला तरी घराचे मूल्य पहिल्या वर्षाच्या मूल्याला महागाई निर्देशांकाच्या प्रमाणात वाढवून येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त धरता येत नाही. जे २०२३-२४ पासून किंवा त्याआधीपासून त्याच क्वार्टरमध्ये आहेत त्यांच्यासाठी तेच पहिले वर्ष मानले जाते. त्या वर्षीचा निर्देशांक ३४८ आणि २०२५-२६ चा ३७६ आहे, म्हणजे मूल्यात फार तर आठ टक्क्यांच्या आसपास वाढ होऊ शकते. दरम्यान बढती मिळून पगार बराच वाढला असेल, तर या मर्यादेचा फायदा चांगलाच जाणवतो. कंपनीने घर भाड्याने घेऊन दिले असेल, तर प्रत्यक्ष भाडे किंवा पगाराचे १० टक्के यांपैकी कमी असलेली रक्कम घेतली जाते.

गाडीचे गणित सोपे आहे. काम आणि घर अशा दोन्हींसाठी वापरल्या जाणाऱ्या कंपनीच्या लहान गाडीसाठी दरमहा १,८०० रुपये, १.६ लिटरहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये आणि चालक असल्यास आणखी ९०० रुपये असे ठरीव मूल्य आहे. इंधनाचा खर्च आणि चालकाचा पगार प्रत्यक्षात याच्या कित्येक पट असतो आणि २००९ पासून २०२५-२६ पर्यंत हे आकडे बदललेले नाहीत. म्हणून नोकरदाराला मिळणाऱ्या सगळ्या सुविधांमध्ये कराच्या दृष्टीने मी गाडीला सर्वांत फायद्याची मानते. आपल्या उदाहरणात दरमहा २,७०० प्रमाणे वर्षाचे ३२,४०० रुपये होतात. गाडी केवळ कामासाठीच वापरली असे सांगायचे असेल तर मूल्य शून्य धरता येते, मात्र त्यासाठी प्रवासांची तारीखवार नोंदवही आणि कंपनीचे प्रमाणपत्र लागते. दिवाळीच्या भेटी आणि कूपने वर्षभरात मिळून ५,००० रुपयांच्या आत असली तर करपात्र नसतात, आणि कामासाठी घरी दिलेल्या लॅपटॉपचे मूल्य शून्यच धरले जाते, त्यामुळे या बाबींवर अधिक थांबत नाही.

आता बेरीज करू. रोख पगार १२,२४,०००, घर ४९,२०० आणि गाडी ३२,४०० मिळून १३,०५,६०० रुपये होतात. प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १२,३०,६०० रुपये उरते. चार लाखांपर्यंत कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारा लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि वरच्या ३०,६०० रुपयांवर १५ टक्क्यांनी ४,५९०, असा एकूण ६४,५९० रुपये कर येतो. उत्पन्न बारा लाखांच्या वर गेल्यामुळे कलम ८७ए ची साठ हजारांपर्यंतची पूर्ण सूट मिळत नाही, पण बारा लाखांवर जेवढे उत्पन्न आहे त्याहून जास्त कर घेऊ नये यासाठी मार्जिनल रिलीफ मिळतो. म्हणून कर ३०,६०० रुपयांवर थांबतो. त्यावर ४ टक्के उपकर १,२२४ रुपये मिळवला आणि दहाच्या पटीत पूर्ण केले, की ३१,८२० रुपये भरावे लागतात.

बारा लाख ते सुमारे बारा लाख सत्तर हजार या पट्ट्यात वाढणाऱ्या प्रत्येक रुपयामागे उपकरासह एक रुपया चार पैसे कर द्यावा लागतो. रोख पगार वाढून माणूस या पट्ट्यात गेला, तर निदान कर भरण्यासाठी ती वाढ तरी हाती असते. सुविधांच्या मूल्यामुळे गेला, तर हाती काही येत नाही आणि कर मात्र रोख पगारातूनच कापला जातो. वर्षाच्या सुरुवातीला हे मूल्य न धरता फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम धरले, तर शेवटच्या दोन पगारांना मोठी कात्री लागते. कलम १९२ प्रमाणे वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावरचा कर दर महिन्याला सारख्या प्रमाणात कापणे अपेक्षित आहे; तसे करणे कंपनीलाही अवघड नसते.

टक्केवारीची एक चूक किती महाग पडते तेही याच उदाहरणात पाहता येईल. हिशेबाच्या तक्त्यात नाशिकचा जुना १० टक्के दर तसाच राहून गेला, तर घराचे मूल्य भाडे वजा जाता १,१०,४०० रुपये होते, करपात्र उत्पन्न १२,९१,८०० वर पोहोचते, मार्जिनल रिलीफ पूर्ण संपतो आणि उपकरासह कर ७६,७२० रुपये होतो. म्हणजे एका रकान्यातल्या जुन्या दरामुळे ४४,९०० रुपये जास्त जातात. म्हणूनच फॉर्म १६ हाती आला की त्याच्यासोबतचा फॉर्म १२बीए उघडून प्रत्येक सुविधेपुढचे तिन्ही आकडे, म्हणजे नियमानुसार मूल्य, कर्मचाऱ्याकडून वसूल केलेली रक्कम आणि उरलेली करपात्र रक्कम, स्वतः ताडून पाहावेत असा माझा आग्रह असतो. क्वार्टरचे भाडे पगारातून कापले जात असूनही मधला रकाना कोरा असणे, ही सहज नजरेआड होणारी चूक आहे. चूक आढळल्यास विवरणपत्रात परस्पर वेगळा आकडा भरण्याआधी अकाउंट्स विभागाकडून टीडीएसचे विवरण दुरुस्त करून घ्यावे, नाहीतर दोन आकड्यांतील फरकाबद्दल नोटीस येण्याचा धोका राहतो.

जुन्या पद्धतीत हेच अभियंते सुटतील का? कंपनीचे घर असल्यामुळे घरभाडे भत्ता नाही. १३,०५,६०० मधून ५०,००० ची प्रमाणित वजावट, महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५००, कलम ८०सीचे पूर्ण दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेचे ५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० वजा केले, तरी १०,२८,१०० उरतात आणि उपकरासह कर १,२५,७७० रुपये होतो. गावाकडे स्वतःच्या घराच्या कर्जावरील दोन लाख रुपयांचे व्याज आणखी वजा केले तरी तो ८१,२४० च्या खाली येत नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीचा विचार येथे लवकर संपतो.

नव्या पद्धतीत उरलेली खरी उपयोगी वजावट कलम ८०सीसीडी(२) ची आहे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत कंपनीने भरलेला वाटा. मूळ पगार आणि निवृत्तिलाभांत धरला जाणारा महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत तो वजा होतो. आपल्या अभियंत्यांच्या विशेष भत्त्यातील दरमहा २,६०० रुपये कंपनीने भत्ता म्हणून देण्याऐवजी या योजनेत भरले, तर वर्षाचे ३१,२०० रुपये आधी पगारात मिळवले जातात आणि मग पूर्ण वजा होतात. घराचे मूल्य पूर्वीइतकेच धरले तरी करपात्र उत्पन्न ११,९९,४०० रुपये होते आणि कर शून्यावर येतो. ३१,२०० रुपये स्वतःच्याच पेन्शन खात्यात जातात आणि ३१,८२० रुपयांचा कर वाचतो. ते पैसे साधारणतः निवृत्तीपर्यंत अडकतात हे खरे, तरीही या विशिष्ट पट्ट्यातील माणसासाठी याहून सरळ मार्ग मला दिसत नाही. कर्मचाऱ्याने स्वतः भरलेल्या रकमेला नव्या पद्धतीत ही वजावट मिळत नाही; रक्कम कंपनीच्या हातून आणि पगाराच्या रचनेतूनच जायला हवी.

बँकांत काम करणाऱ्यांना सवलतीच्या कर्जाचीही अशीच दखल घ्यावी लागते. स्टेट बँकेचा वर्षाच्या पहिल्या दिवशीचा त्या प्रकारच्या कर्जाचा दर आणि आपल्याला लावलेला दर यांतील फरक महिनाअखेरच्या थकीत रकमेवर मोजून उत्पन्नात धरला जातो, आणि हा नियम वैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बँक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या अपिलावर दिला आहे. सगळी कर्जे मिळून २०,००० रुपयांच्या आत असतील तर मात्र काही धरावे लागत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्यामुळे येथे दिलेली कलमे आणि सुविधांचे आकडे ३१ मार्च २०२६ ला संपणाऱ्या वर्षापुरतेच वापरावेत. त्यापुढच्या वर्षासाठी क्वार्टरची टक्केवारी, गाडीचे मासिक मूल्य आणि पेन्शन योजनेतील कंपनीचा वाटा या तीन गोष्टींची लेखी विचारणा एप्रिलच्या पगाराआधीच अकाउंट्स विभागाकडे करावी, कारण पगाराची रचना बदलायची असेल तर ती वर्षाच्या आरंभी बदलणेच सोयीचे असते.