किंचाळणाऱ्या तीन की: खोट रबरात नव्हती, ग्रीसमध्ये होती

मागच्या नोंदीत इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमधल्या, कीखालच्या रबराच्या संपर्कपट्ट्या स्वच्छ करून तो बंद केला होता आणि मध्य सप्तक सरळ झालं होतं. ते टिकलं नाही. पांढरी चार, काळी तीन आणि पांढरी सहा (सप्तकाच्या पहिल्या कीपासून मोजून), नेमक्या त्याच तीन की परत किंचाळायला लागल्या. बोट कितीही हलकं ठेवलं तरी सूर पूर्ण जोरात. आता मूळ कारण हाती लागलंय.

आधी मोजमाप. यूएसबीवरून कॉम्प्युटरला जोडून मिडी मॉनिटरवर (कीबोर्डचे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) वेलॉसिटी, म्हणजे की किती जोरात दाबली गेली याचा आकडा, पाहिली. सावकाश दाबल्यावर शेजारच्या की २५ ते ३५ दाखवतात, या तिघी ११५ च्या खाली उतरत नाहीत. पण बोटाचा दाब दर वेळी वेगळा पडतो, म्हणून एक रुपयाच्या २० नाण्यांची चळत सेलोटेपने बांधली. २०११ च्या मालिकेतलं एक नाणं ३.७९ ग्रॅमचं, म्हणजे चळत साधारण ७६ ग्रॅमची. व्यास २२ मिलिमीटरच्या आत असल्याने ती पांढऱ्या कीवर शेजारणीला न टेकता बसते. कीच्या पुढच्या कडेपासून एक सेंटिमीटर आत चळत ठेवायची, की बोटाने वर धरायची आणि अलगद सोडायची. चांगल्या कीवर आकडा पाच-सहाच्या फरकात परत परत तोच येतो. काळ्या कीवर चळत डुगडुगते, तिथे बोटावरच भागवावं लागतं. ही चाचणी पुढे खूप उपयोगी पडली.

टच (बोटाच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा होणं) असलेल्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कीखाली दोन संपर्क असतात, ६१ कीला १२२. की दाबली की आधी पहिला मिटतो, मग दुसरा. मधला वेळ जितका कमी, तितका सूर मोठा. पहिला संपर्क घाण झाला की तो उशिरा मिटतो, मधला वेळ आक्रसतो आणि कीबोर्डला वाटतं की बोट जोरात आपटलं. दुसरा घाण झाला तर उलट: सूर दबतो किंवा गपच होतो. त्यामुळे किंचाळणारी की म्हणजे पहिला संपर्क, हे धरून चालायला हरकत नाही. यामाहाच्या पीएसआर-ई२७३ किंवा कॅसिओच्या सीटी-एस२०० सारख्या बिनटचच्या मॉडेलमध्ये हा प्रकार दिसत नाही, तिथे संपर्क गेला की सूर जातो.

मॅट्रिक्सचा, म्हणजे की गटागटाने वाचणाऱ्या तारांच्या जाळीचा, संशय लवकर फिटला. रिबन केबल किंवा पीसीबीवरची (सर्किट बोर्डवरची) रेघ गेली असती तर सलग आठ की किंवा दर आठवी की बिघडली असती. इथे तसा काही साचा नाही.

मग मधल्या सप्तकाची रबरपट्टी काढून सगळ्यात वरच्या सप्तकाच्या पट्टीशी अदलाबदल केली. वरचं सप्तक नवशिक्याच्या हाताखाली फारसं येत नाही, त्यामुळे ती पट्टी कोरी असते. (शेवटच्या 'सा'सह १३ कीची पट्टी असेल तर हे जमत नाही, त्याच्या अलीकडची १२ ची घ्यावी.) तिन्ही की लगेच सुधारल्या. नवी पट्टी मागवायची यादीही तयार होती. पण काही दिवसांत त्याच तीन जागा परत ११० च्या वर गेल्या, आणि खालून वर गेलेली जुनी पट्टी तिथे अगदी शहाण्यासारखी वागत होती. बिघाड पट्टीबरोबर गेला नाही, जागेला चिकटून राहिला. नवी पट्टी मागवणं रद्द.

परत उघडलं. स्वस्त कीबेडमध्ये (की बसवलेला सांगाडा) एका सप्तकाच्या की तीन फण्यांत ओतलेल्या असतात: एक सा-ग-प-नीची, एक रे-म-धची, एक पाच काळ्यांची. त्या एकावर एक बसतात, म्हणून तिन्ही उचलाव्या लागतात. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कीबेडचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचावा, नाहीतर लांब स्क्रू आखूड भोकात जाऊन प्लॅस्टिक फुटतं.

टॉर्च तिरपा धरल्यावर दिसलं. पुढच्या गाइडच्या (की सरळ खाली-वर चालवणाऱ्या) खुंट्यांपासून पट्टीपर्यंत पिवळसर, चकचकीत रेघा, आणि त्या फक्त या तीन कीखाली. या खुंट्यांवर कारखान्यातलं ग्रीस जास्त चोपडलेलं होतं. ग्रीसमधलं तेल सुटतं, आणि कीबोर्ड कपाटामागे मागच्या कडेवर उभा ठेवला की पुढच्या खुंट्या वर येतात आणि तेल सरळ संपर्कांकडे उतरतं. पट्टीच्या कडेखाली ते शोषलं जातं. या कीबेडमध्ये पहिला संपर्क पुढच्या बाजूला आहे, म्हणून आधी तोच बुडाला. मल्टिमीटरवर चांगल्या कीचा संपर्क दाबल्यावर दोनशे ओहमच्या आसपास, पांढऱ्या चारचा ४ किलोओहमच्या वर आणि थरथरता.

म्हणजे नुसते संपर्क पुसणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. यावेळी आधी खुंट्या आणि कीच्या आतली खाच कोरड्या कापडाने, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पीसीबीवरच्या काळ्या कार्बनवर कापसाची काडी हलकेच, एकाच दिशेने. खोडरबर किंवा पॉलिश पेपर लावला तर कार्बनच निघून जातो. रबराच्या गोळ्या ओल्या कापडाने टिपायच्या, भिजत ठेवायच्या नाहीत. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट घेऊ नका, त्यात पाणी असतं आणि डाग राहतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ९९ टक्क्यांची बाटली मागून घ्यावी, लेबल वाचूनच.

पट्टी बसवताना रबराची शेपटं भोकातून बोथट टूथपिकने खाली ढकलायची. पट्टीखालच्या हवेच्या वाटा मोकळ्या राहिल्या पाहिजेत. एक जरी दबली तरी की सावकाश वर येते आणि जलद अलंकारात सूर गळतो.

ग्रीस: प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस, प्रत्येक खुंटीला अर्ध्या मोहरीएवढं. शिलाई मशीनचं तेल आणि डब्ल्यूडी-४० दोन्ही वर्ज्य, ती पसरतात आणि पुन्हा तीच कथा होते.

चळतीची चाचणी: पांढरी चार आणि पांढरी सहा आता शेजारणींच्या पाच-सहाच्या आत. काळी तीन बोटाने ३० च्या आसपास. सा रे ग म प ध नी सां एका दमात, एका आवाजात. हे ऐकायला फार बरं वाटलं. नवशिक्याच्या दृष्टीने हा मोठाच फरक, कारण एक सूर उसळला की तो आपल्या बोटाला दोष देत बसतो. ज्यांना उघडायचं नाही त्यांनी तोवर सेटिंगमध्ये टच ऑफ ठेवावा.

लिहिता लिहिता एक सुचतंय. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडे दोन मिलिमीटरचं लोकरी फेल्ट मिळतं. त्याची पाच मिलिमीटर रुंद पट्टी खुंट्या आणि रबर यांच्या मध्ये दुहेरी टेपने चिकटवली तर उतरणारं तेल तिथेच शोषलं जाईल. अडचण एकच: की पूर्ण खाली गेल्यावर फेल्टला टेकली तर प्रवास कमी होईल आणि दुसरा संपर्क नीट मिटणार नाही. म्हणून सगळी सप्तकं पुन्हा ग्रीस करायचा बेत थांबवतोय. आधी एकट्या वरच्या सप्तकात फेल्ट, मग तिथे चळतीचे आकडे. तोवर कीबोर्ड आडवाच.