समुद्रातला बर्फ गेला तर नदीला काय फरक पडतो?

"मॅडम, नदी समुद्राला जाऊन मिळते, समुद्र थोडाच नदीला मिळायला येतो, मग आर्क्टिकमधला बर्फ वितळला तर सायबेरियातल्या नदीला काय त्याचं?" हे दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

समुद्र येतो की नदीकडे, आकाशातून येतो. आपला मान्सून दुसरं काय आहे? अरबी समुद्राची वाफ सह्याद्रीवर येऊन पडते आणि कृष्णा भरते. आर्क्टिकला समुद्रावर बर्फाचं झाकण असतं, त्यामुळे वाफ अडून राहते. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये हे झाकण साधारण ७० लाख चौरस किलोमीटर असायचं, २०१२ मध्ये ते ३४ लाखांवर आलं. मग उघडं पडलेलं काळं पाणी उन्हाळाभर ऊन शोषून घेतं, आणि ऑक्टोबरात वरची हवा गारठली तरी पाणी अजून मोकळंच असतं, त्यातून वाफ उठत राहते, त्यातली काही जमिनीवर जाऊन स्नो म्हणून पडते आणि मे-जूनमध्ये वितळून नदीत येते. सगळा ओलावा तिथलाच असतो असं नाही हां, बराचसा अटलांटिककडून, दक्षिणेकडून येतो, पण हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, म्हणजे तिकडूनही जास्तच येणार.

ओब, येनिसेई, लेना अशा रशियातल्या सहा मोठ्या नद्यांचं पाणी १९३६ ते १९९९ मध्ये ७ टक्क्यांनी वाढलं. आकडा लहान वाटतो, पण एकटी येनिसेई वर्षाला जवळपास ६०० घन किलोमीटर पाणी नेते, आपल्या गोदावरीच्या पाचपट!

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हिवाळ्यातल्या पाण्याची. लेनाच्या खोऱ्यात बहुतेक जमीन खाली कायमची गोठलेली, पर्माफ्रॉस्ट, त्यामुळे पाणी खोल मुरतच नाही, जून महिन्यात धो धो वाहून जातं आणि हिवाळ्यात नदी अगदी बारीक होते. आता ती जमीन वरून वितळतेय, पाणी आत मुरतं, हळूहळू झिरपत राहतं आणि उत्तरेकडच्या बऱ्याच नद्यांचा हिवाळ्यातला प्रवाह वाढलाय. लेनाकाठच्या याकुत्स्क शहरात लोक हिवाळ्यात गोठलेल्या लेनावरूनच गाड्या नेतात, तिथे बर्फ किती जाड धरतो यावर लोकांचं रोजचं जगणं चालतं.

आणि हे पाणी शेवटी जातं कुठे? आर्क्टिक महासागरात जगातल्या समुद्रांचं जेमतेम १ टक्का पाणी आहे, पण जगातल्या नद्यांचं सुमारे ११ टक्के पाणी त्यात येऊन पडतं. लेनाचा पूर लॅपटेव्ह समुद्राशी, म्हणजे आर्क्टिक महासागराच्याच एका भागाशी, पोचतो तेव्हा किनाऱ्याला चिकटलेला बर्फ अजून तसाच असतो, नदीचं गढूळ पाणी आधी त्याच्यावर पसरतं, त्यामागून दक्षिणेकडचं कोमट पाणी येतं आणि तो बर्फ तिथे लवकर विरघळतो. झाकण आधी तिथेच उघडतं, मग तिथलं पाणी ऊन प्यायला लागतं.