काटेरी तार आणि कामाचा कुत्रा

ताणलेल्या तारेपेक्षा सैल पडलेली, गवतात लपलेली तार जास्त घातक. कळपामागे धावणाऱ्या कुत्र्याची नजर जनावरावर असते, तारेवर नाही. छाती, काख आणि जांघ इथली कातडी सैल असते, त्यामुळे ती पदरासारखी फाटते. बाहेरून बोटभर दिसणारी जखम आत वीतभर पसरलेली असू शकते. म्हणून लहान भोक बघून निश्चिंत होऊ नका!

उडी मारताना मागचा पाय वरच्या दोन तारांत पिळून अडकला, तर कुत्र्याला ओढू नका. आधी त्याचं वजन उचलून धरा. दुखण्याने मायेचा कुत्राही चावतो, तेव्हा तोंडाला कापडी पट्टी बांधा. धाप लागली असेल किंवा ओकारी येत असेल तर मात्र बांधू नका. तार तोडायचीच झाली तर दुसऱ्याला ती हातमोज्याने घट्ट धरायला सांगा, नाहीतर ताण सुटून ती चाबकासारखी उसळते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड सलग पाच मिनिटं दाबून धरा, मध्येच उचलून पाहू नका. धुवायला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ. हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. छातीच्या जखमेतून हवेचा आवाज आला तर ती झाकून थेट पशुवैद्याकडे.

कुत्र्याच्या नेहमीच्या वाटेवर खालची तार बिनकाट्याची ठेवा, वरच्या तारेवर चिरलेला पाइप चढवा. जुने तुकडे गुंडाळून उचला.