आमची वाटचाल : हॉट प्लेटवर बसलेला कारखाना

आम्ही सेन्सरचे छोटे बोर्ड आणि एलईडी दिव्यांचे ॲल्युमिनियम पाठीचे बोर्ड बनवतो. उद्योग घरातल्या एका खोलीत सुरू झाला. आता जागा वेगळी आहे, मोठ्या ऑर्डरी जॉबवर्कला जातात, तरी नव्या डिझाइनचे पहिले नग अजून हॉट प्लेटवरच होतात. बोर्डावर सोल्डरची पेस्ट लावायची, भाग ठेवायचे आणि प्लेटवर खालून तापवून पेस्ट वितळवायची, अशी ही पद्धत. घरून एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे भाग) जुळणी करू पाहणारे बरेच जण पद्धत विचारतात, म्हणून वाटचालीच्या या पानावर आमच्यापेक्षा प्लेटबद्दलच जास्त लिहिले आहे.

प्लेट घ्यायचे पहिले कारण ॲल्युमिनियमचे बोर्ड. त्यांवर सोल्डरिंग आयर्न टेकवले की उष्णता पाठीत पसरून जाते आणि पॅड (भाग जोडायची तांब्याची जागा) तापतच नाही. दुसरे कारण क्यूएफएनसारख्या, पाय बाहेर न येणाऱ्या आयसी. त्यांच्या पोटाखालच्या पॅडपर्यंत टोक पोचत नाही. खालून सगळा बोर्ड एकदम तापवला की दोन्ही प्रश्न सुटतात. याचा दुसरा अर्थ असा की भाग एकाच बाजूला हवेत. दोन्ही बाजूंना भाग असतील तर दुसरी बाजू हॉट एअरने किंवा हाताने करावी लागते.

बाजारातल्या तयार छोट्या प्लेटा ३० किंवा ५० मिलिमीटर चौरसाच्या मिळतात. दुरुस्तीला त्या उत्तम, पण उत्पादनाला अपुऱ्या. आमची प्लेट २०० बाय २०० मिलिमीटरची, ८ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची आणि ८०० वॅटची आहे. जाडी ठरवताना हिशोब करावाच. या प्लेटचे वजन सुमारे ८६० ग्रॅम भरते. १ अंश तापायला तिला साधारण ७८० ज्यूल लागतात, म्हणजे ८०० वॅटवर सेकंदाला जेमतेम १ अंश. जसजसे तापमान वाढते तसतशी हवेत जाणारी उष्णता वाढते आणि हा वेग आणखी घटतो. ‘जाड प्लेट म्हणजे एकसारखी उष्णता’ म्हणून २० मिलिमीटरची घेतली, तर वेग ०.४ अंशावर येतो. सोल्डर वितळण्याआधीच फ्लक्स थकून जातो आणि सांधे निस्तेज, दाणेदार दिसतात.

नियंत्रणासाठी पीआयडी कंट्रोलर (तापमान ठरल्या आकड्यावर धरणारा), २५ अँपिअरचा एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) पुरेसे आहे. थर्मोकपल प्लेटच्या कडेतून मध्यापर्यंत पाडलेल्या छिद्रात बसवावे. वर नुसते चिकटवले तर ते कधीतरी सुटते, कंट्रोलरला प्लेट थंड वाटते आणि तो हीटर चालूच ठेवतो. एसएसआर बिघडला की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. म्हणून हीटरच्या मार्गात कंट्रोलरशी संबंध नसलेला, २७० अंशांना तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट हवाच. प्लेटला अर्थिंग द्यावे. इथे काटकसर करू नये.

इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लेट मोजू नये. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खूपच कमी आकडा दाखवतो. मोजायचे ते बोर्डाच्या वरच्या अंगाचे तापमान. एका टाकाऊ बोर्डावर बारीक थर्मोकपल काप्टन या उष्णता सोसणाऱ्या टेपने चिकटवायचे आणि तोच नमुना म्हणून वापरायचा. १.६ मिलिमीटरच्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या नेहमीच्या) बोर्डात प्लेट आणि वरचे अंग यांत १० ते २० अंशांचा फरक पडतो. ॲल्युमिनियमच्या बोर्डात तो फारच कमी असतो. दोघांना एकच सेटिंग लावले की एक कच्चा राहतो किंवा दुसऱ्यातल्या एलईडीची लेन्स पिवळी पडते.

पेस्ट आम्ही ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाची वापरत आलो. ती १८३ अंशांना वितळते. दाणा टाइप ४, म्हणजे २० ते ३८ मायक्रॉनचा. डबी फ्रीजमध्ये २ ते १० अंशांत ठेवावी, फ्रीझरमध्ये नाही, आणि खाण्याच्या वस्तूंबरोबर तर नाहीच. वापराआधी न उघडता साधारण चार तास बाहेर ठेवावी. थंड डबी उघडली की हवेतले पाणी पेस्टवर बसते, तापताना ती तडतडते आणि आयसीच्या पायांमध्ये सोल्डरचे गोळे उडतात.

नवखे लोक प्लेटवर खर्च करतात आणि पेस्ट सिरिंजने ठिपक्या-ठिपक्याने लावतात. आमच्या मते हे उलटे आहे. साधी प्लेट चालते, पण स्टेनलेस स्टीलचे लेझरने कापलेले स्टेन्सिल (पॅडच्या जागी छिद्रे असलेला पत्रा) हवेच. आम्ही ०.१२ मिलिमीटर जाडीचे घेतो. छिद्राचे क्षेत्रफळ भागिले त्याच्या भिंतींचे क्षेत्रफळ ०.६६ च्या वर असावे, नाहीतर पेस्ट छिद्रातच अडकते. ०.३ मिलिमीटर चौरस छिद्राला ०.१२ च्या पत्र्यात हे गुणोत्तर ०.६३ येते, ०.१ च्या पत्र्यात ०.७५. इतके बारीक पॅड असतील तर पत्रा पातळ घ्यायचा. क्यूएफएनच्या मधल्या पॅडवर पूर्ण पेस्ट घातली तर आयसी तरंगते आणि कडेचे पाय उघडे राहतात. तिथे छिद्राच्या चार-सहा खिडक्या करून पॅडचा ५० ते ७० टक्के भागच झाकावा.

छपाईसाठी बोर्डाभोवती त्याच जाडीच्या टाकाऊ बोर्डांचा काटकोन टेबलाला चिकटवायचा, स्टेन्सिल एका कडेने टेपच्या बिजागरीवर ठेवायचे आणि स्टीलची पट्टी ४५ ते ६० अंशांत धरून एकदाच ओढायची. परत परत ओढले की पेस्ट स्टेन्सिलच्या खाली शिरते आणि पुढच्या बोर्डावर पाय जोडले जातात. चार-पाच बोर्डांनी स्टेन्सिलची खालची बाजू आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसावी. छाप वाकडा पडला तर दुरुस्त करत बसू नये. पुसून पुन्हा छापावा.

भाग ठेवताना हलकेच टेकवावेत. थोडे तिरके बसले तरी वितळलेले सोल्डर त्यांना सरळ करते.

बोर्ड थंड प्लेटवर ठेवून मगच ती चालू करायची. तापलेल्या प्लेटवर थेट ठेवला तर खालचे अंग आधी प्रसरण पावते, कडा वर उचलल्या जातात आणि मधे वितळत असताना कोपऱ्यांतली पेस्ट तशीच राहते. ०.८ मिलिमीटरच्या बोर्डात हे हमखास दिसते. वरच्या अंगाचे तापमान दोनेक मिनिटांत १५० वर न्यावे, १५० ते १७० मध्ये ६० ते ९० सेकंद ठेवावे, मग २१० ते २२० पर्यंत चढवावे. १८३ च्या वरचा एकूण वेळ ४५ ते ७५ सेकंद असावा. प्लेटच्या कडा मध्यापेक्षा थंड असतात, म्हणून भोवती दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडतो.

वीज बंद केली तरी जाड धातू गरमच राहतो, त्यामुळे बोर्ड बाजूला काढावा लागतो, तोही सोल्डर पातळ असतानाच. उचलू नये, सरकवावा. प्लेटच्या शेजारी तिच्याच उंचीचा थंड ॲल्युमिनियमचा ठोकळा ठेवला आहे. त्यावर मध्ये पातळ मायका घालतो, म्हणजे बोर्ड एकदम गारठत नाही. रुंद उलथन्याने एका दमात ढकलायचा. धक्का बसला तर सगळ्यात आधी मोठे इंडक्टर सरकतात.

०४०२ आणि ०६०३ या बारीक मापांचे कपॅसिटर एका टोकावर उभे राहिले तर प्लेटला दोष देण्याआधी डिझाइन पाहावे. बहुधा एक पॅड थेट ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असते. ते उशिरा तापते, तोवर दुसऱ्या टोकाचे सोल्डर भागाला ओढून उभा करते. ग्राउंडच्या पॅडला चार बारीक फाट्यांनी जोडले की बहुतेक वेळा भागते.

पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडे वेगळीच डोकेदुखी असते. आयसी आणि एलईडीचे प्लास्टिक हवेतला ओलावा धरते. रिफ्लोमध्ये, म्हणजे सोल्डर वितळवताना, त्याची वाफ होते आणि आवरण आतून फाटते. वरून काही दिसत नाही, पण दिवा काही दिवसांनी मिणमिणतो. एमएसएल ३ या ओलावा-संवेदनशीलतेच्या दर्जाचे भाग पाकीट उघडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत असतील तरच १६८ तास चालतात. जुलैत खोलीतली आर्द्रता त्याच्या बरीच वर असते. म्हणून उरलेली रीळ सिलिका जेलसह सीलबंद करतो आणि शंका आली तर ६० ते ७० अंशांत, भागाच्या डेटाशीटमध्ये दिलेला वेळ, भाजून घेतो. १२५ अंशांना भाजले तर रिळाचे प्लास्टिकच मऊ पडून वाकते.

शिसेमुक्त काम मागणारे ग्राहक आल्यावर एसएसी ३०५ ही कथील-चांदी-तांब्याची पेस्ट आणली. ती २१७ ते २२० अंशांत वितळते, शिखर २४० च्या आसपास लागते आणि आमची प्लेट तिथे धापा टाकते. १३८ अंशांची बिस्मथची पेस्ट सोपी वाटते, पण तिचा सांधा ठिसूळ असतो. पडणाऱ्या-आदळणाऱ्या वस्तूंत ती आम्ही वापरत नाही. शिसेवाल्या एचएएसएल (पॅडवर आधीच सोल्डरचा थर दिलेल्या) बोर्डावर ती कधीच लावू नये. कथील, शिसे आणि बिस्मथ मिळून ९६ अंशांनाच वितळणारे मिश्रण तयार होते आणि चालू दिव्यात सांधा सुटू शकतो.

फ्लक्सच्या धुरासाठी एक्झॉस्ट पंखा प्लेटच्या मागे असावा, डोक्यावर नको. वर असला की धूर नाकाशेजारूनच जातो. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. ते पोटात जाते ते हातातून, म्हणून खाण्याआधी हात साबणाने धुवावेत.

बोर्ड थंड झाल्यावर भिंगाखाली पाहायचा, पुरवठा आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजायचा, मग करंट मर्यादा ५० मिलिअँपिअरवर ठेवून पहिली वीज द्यायची.

शंभराच्या आसपासची ऑर्डर आली की आता काम जॉबवर्कला देतो. प्लेट तेवढे करू शकते, पण हाताने भाग ठेवण्यात दिवस जातात. तिथे गर्बर (बोर्डाच्या थरांच्या नकाशांच्या फाइली), बीओएम (भागांची यादी) आणि भागांच्या जागांची फाइल द्यावी लागते. रेझिस्टर-कपॅसिटर पाच टक्के जास्त पाठवतो आणि कापलेल्या पट्ट्यांना पुढे रिकामी टेप सोडतो, नाहीतर फीडरमध्ये अडकवतानाच सुरुवातीचे भाग वाया जातात. सोबत प्लेटवर केलेला एक चालू बोर्ड देतो, म्हणजे डायोडची दिशा विचारायला फोन येत नाही.