पाठीमागची मॅच

फुटबॉलच्या बंदोबस्तात पोलिसाला मॅच दिसत नाही. हे सांगून कुणाला पटत नाही. गेटवर अंगझडती देणारं प्रत्येक पोरगं म्हणतं, "मामा, तुमचं बरं हाय, फुकटात मॅच!" आमचं तोंड गॅलरीकडे आणि पाठ मैदानाकडे. बॉल कुठे आहे ते लोकांच्या माना कुठे वळल्यात त्यावरून ओळखायचं. मी स्वतः तालमीकडून लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव, खेळलेला माणूस, त्यामुळे ही ड्यूटी मला जरा जास्तच झोंबते. मागे बॉलला बसलेल्या लाथेचा आवाज येतो, मान आपोआप वळायला लागते, तेवढ्यात वॉकीटॉकीवर साहेब बोलतात, "पॉइंटवाले, पब्लिककडं बघा."

ज्यांना कोल्हापूरचा फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथल्या पेठांतल्या तालमी मुळात कुस्तीच्या. त्यांनीच पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं पेठेतल्या पोराला शाळेत जायच्या आधीच पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या लीगची मॅच शाहू स्टेडियमवर. पाहुणा संघ ही भानगडच नाही, दोन्हीकडचे समर्थक चालत येतात आणि चालत घरी जातात, बऱ्याचदा एकाच रस्त्यानं. बंदोबस्ताचं सगळं दुखणं त्या रस्त्यात आहे.

त्या दिवशीच्या दोन तालमींची नावं मी लिहिणार नाही. लिहिली तर दोनपैकी एका पेठेत मला चहा मिळायचा नाही. माझी तालीम तिसरीच, आणि गुणतक्ता असा होता की यांची बरोबरी झाली तर आमचं भलं होणार होतं. अर्थात हे मनातल्या मनात. अंगावर वर्दी असताना चेहरा सुतकी ठेवावा लागतो.

दुपारच्या ब्रीफिंगला साहेबांनी एक गोष्ट सांगितली, ती मला आजही पटते. मोठ्या फरकानं निकाल लागला तर आपलं काम हलकं. हरणारे शेवटच्या दहा मिनिटांत उठून वाटेला लागतात. एक-शून्य झालं तर मात्र सगळे शिट्टीपर्यंत बसतात आणि रेफरीचा प्रत्येक फाउल पाठ करून बाहेर पडतात. म्हणून ठरलं असं, की निकाल निसटता लागला तर हरलेल्यांना आधी सोडायचं. जिंकलेल्यांना गॅलरीतच थांबवायचं, समोरचा रस्ता मोकळा झाल्याचा निरोप येईपर्यंत.

माझा पॉइंट लागला जिंकणाऱ्यांच्या गॅलरीपुढे. तेव्हा अर्थात ते जिंकणारे नव्हते.

पहिला हाफ मी तुम्हाला चेहऱ्यांवरून सांगतो. पहिली दहा मिनिटं हलगी चालू होती, पोरं उभी होती. मग हलगीवाल्याचा हात मंद पडला. मग तो खाली बसला आणि शेंगदाणे खायला लागला. हलगीवाला शेंगदाण्याला लागला म्हणजे मैदानात काही घडत नाहीये, यापेक्षा पक्की खूण नाही. पुढच्या रांगेत गुजरीतला एक कारागीर होता, तिशीचा, नखांत सोन्याच्या कामाची काळी घाण. तो दर दोन मिनिटांनी कपाळावर हात मारून घ्यायचा. त्याच्या शेजारी टोपी घातलेले एक तात्या. तात्या ओरडत नव्हते, मोजत होते. "एक... दोन... गेला. एक... गेला." आधी मला कळेना. मग कळलं की ते आपल्या संघाचे सलग पास मोजताहेत. तीनच्या पुढे आकडा गेलेला मी तरी ऐकला नाही.

माझ्या पाठीमागून, पलीकडच्या गॅलरीतून मात्र सारखा ओरडा येत होता. मला त्याची सवय आहे. मागून आवाज आणि समोर शांतता असली की बॉल आपल्या समोरच्यांच्या गोलजवळ आहे असं समजायचं. त्या पंचेचाळीस मिनिटांत तेच जास्त होतं. कोचच्या घरादाराचा उद्धार झाला. "हितनं पुढं ह्यांच्या मॅचला आलो तर नाव बदलीन," असं एक इंजिनिअरिंगचं पोरगं म्हणालं आणि हाफटाइमला वडापाव घेऊन त्याच जागी परत येऊन बसलं.

गोल कसा झाला हे तर गॅलरीलाच कळलं नाही. दुसरा हाफ अर्धा सरला होता. कॉर्नर मिळाला, सगळे नुसतेच उभे राहिले, फार आशा कुणाच्या तोंडावर नव्हती. मग मागे कसलातरी धबधब आवाज, आणि समोरच्या शेकडो चेहऱ्यांवर एकाच वेळी प्रश्न. गोल झाला की नाही? रेफरीनं हात सेंटरकडे केला असावा, कारण एकदम सगळी गॅलरी माझ्या अंगावर आल्यासारखी जाळीकडे धावली. "कुणी मारला? कुणी मारला?" तीन नावं ऐकली. शेवटी मोबाइलवर शूट करणाऱ्यानं परत लावून बघितलं. बॉल आपल्याच स्ट्रायकरच्या मांडीवर आपटून आत गेला होता. तो बिचारा गोलकडे पाठ करून उभा होता. एवढ्या गर्दीत माझ्यासारखा पाठमोरा असलेला तो एकटाच, असं मनात आलं आणि मला हसू आवरेना.

त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं घड्याळाची. एकदा मागून 'ठण्ण' असा आवाज आला, पोस्टचा. त्या क्षणी समोरच्या तोंडांवरचा रंग उतरताना मी पाहिला. कारागिरानं शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरला होता तो नंतरही बराच वेळ सोडला नाही. जादा वेळ जाहीर झाल्यावर तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शिट्टी झाली तेव्हा जल्लोष असा झालाच नाही. आधी सगळ्यांनी श्वास सोडला, आणि मग कुणाला तरी आठवण झाली म्हणून हलगी वाजली.

आणि मग आम्ही त्यांना अडवलं. "बसा. निरोप येईपर्यंत कुणी उठायचं नाही."

"मामा, जिंकल्यावर शिक्षा व्हय?"

थोडी कुरकूर, मग बसले. आणि या बसण्यातच मी ते ऐकलं ज्यासाठी हे लिहितोय. एरवी मॅच सुटल्यावर लोक पांगतात, जो तो आपापलं मत घेऊन घरी जातो. इथे तेच लोक, त्याच पायऱ्यांवर, निकाल लागून गेल्यावर, करायला काही काम नाही असे अर्धा तास कोंडलेले.

सुरुवात इंजिनिअरिंगवाल्यानं केली, नाव बदलणारानं. "काय का असंना, क्लीन शीट हाय. एकबी गोल खाल्ला न्हाई."

"पोस्टाला लागला तो तुझ्या आज्ज्यानं काढला व्हय?" तात्या म्हणाले.

"पोस्ट पण आपलंच की हो तात्या. तेवढा हाफ तरी."

यावर पहिल्यांदा सगळे हसले. मग एकेक निघायला लागलं. मुख्य स्ट्रायकर दोन यलो कार्डांमुळे बाहेर होता, तरी जिंकलो. मैदान उन्हानं दगडासारखं झालं होतं, पास कसे बसतील? आणि ते हुकमी वाक्य, "एवढं घाण खेळून जिंकतोय, तर चांगलं खेळल्यावर काय हुईल!" हे वाक्य मी प्रत्येक पेठेच्या तोंडून ऐकलंय. माझ्याही तोंडून.

कुणीतरी म्हणालं, कॉर्नरचा गोल ही प्रॅक्टिसमधली मूव्ह होती. तात्यांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. "मांडीनं मारायची प्रॅक्टिस कुठं घेतात?" ती मूव्ह तिथेच मेली, पुन्हा कुणी तिचं नाव काढलं नाही. मला मौज वाटली ती याची. बाहेरच्याला वाटेल की हे लोक स्वतःची समजूत घालताहेत. तसं नव्हतं. जे तात्यांपुढे टिकत नव्हतं ते टाकून देत होते. चाळणी चालली होती. कारण उद्या सकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर, मिसळीच्या दुकानात, गुजरीत कामाच्या पाटावर समोरच्या पेठेचा माणूस भेटणारच आहे. त्याच्यापुढे फुसका मुद्दा काढला तर हसं होणार. मग तो आपल्याच माणसांत मोडलेला बरा.

जगाचे दाखलेही आले. कोल्हापुरात वर्ल्डकपला ब्राझील-अर्जेंटिनाचे कटआउट लावणारी ही माणसं, इतिहास तोंडपाठ. "स्पेन २०१० ला पहिली मॅच स्वित्झर्लंडकडनं हरलं. आन् बाद फेरीच्या चारी मॅचा एक-शून्य! पोर्तुगाल, पॅराग्वे, जर्मनी, हॉलंड!" दुसऱ्यानं युरो कपातला २००४चा ग्रीस काढला. फ्रान्स, चेक आणि फायनलला पोर्तुगाल, तिन्ही एक-शून्य. तात्या म्हणाले, "स्पेनचं पास बघितल्यालं का तू? हजारानं व्हते. तुमचं तीन." हा दाखला पडतोय असं वाटलं. पण त्या पोरानं शेवटचा पत्ता टाकला. "तात्या, तुमचं ब्राझील चौऱ्याण्णवला काय खेळत हुतं? अमेरिकेला एक-शून्य, स्वीडनला एक-शून्य, फायनल शून्य-शून्य, पेनल्टीवर कप. तवा नाचलासा का न्हाई पेठेत?"

तात्या नाचले असावेत. कारण ते काही बोलले नाहीत, आणि गॅलरीनं तो मुद्दा पास केला.

खरं सोनं मात्र त्या कारागिरानं शोधलं. तो इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "त्यांचा तो बाहेरनं आणलेला विंगर, कडेनं चढाई करणारा. दुसऱ्या हाफात तो आपल्या उजव्या बाजूला दिसला का कुणाला?" सगळे गप्प. "पहिल्या हाफात दहा बारा वेळा आला. आपला उजवा बॅक, पोरगं एकोणीस वर्साचं, पहिलीच सीनिअर मॅच. एकदा सुटला त्याच्या हातनं. पुन्हा न्हाई. म्हणून तर त्यांनी त्याला पलीकडं नेला."

मी मनात पडताळून पाहिलं. मॅच दिसली नसली तरी कान उघडे होते. पहिल्या हाफात समोरून सारखी बोंब होती, "उजवीकडं बघ, उजवीकडं!" दुसऱ्या हाफात ती बोंब बंद झाली होती आणि "डावीकडं" सुरू झाली होती. मी लेफ्ट बॅक खेळलोय, मला माहीत आहे. विंगर आपण होऊन बाजू बदलत नाही. त्याला त्या बाजूला काही मिळेनासं झालं की बदलतो. कारागीर बरोबर होता, आणि ते गोलपेक्षा मोठं होतं.

मग अर्थातच गाडी सुटली. पाच मिनिटांत त्या पोराला इंडियाच्या टीममध्ये नेऊन बसवला. "अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळला, तो कोल्हापूरचाच की!" या पोराला अजून धड दाढी आली नव्हती, आणि एका मॅचमध्ये एक विंगर रोखल्याची ही बढती. पण माझा अनुभव असा, की अशा बढतीतला अर्धा भाग सोडला तरी उरतो तो खरा असतो.

शेवटचा मुद्दा तात्यांनीच घातला, आणि पोलीस म्हणून मला तो सगळ्यांत आवडला. "गेल्या वर्सी अशीच मॅच हुती. शेवटच्या पाच मिनिटांत आमचा कॅप्टन रेफरीच्या अंगावर धावला, रेड कार्ड खाल्लं, हिकडं बाटल्या सुरू झाल्या. आज मार खाल्ला पोरांनी, पण एकानंबी रेफरीला हात केला न्हाई." साहेबांनी ऐकलं असतं तर तात्यांना चहा पाजला असता. मैदानात एक खेळाडू रेफरीच्या अंगावर गेला की गॅलरीतली शंभर माणसं जाळीवर येतात. त्या दिवशी माझी काठी बगलेतून निघाली नाही, ती त्या अकरा जणांमुळे.

वॉकीटॉकीवर निरोप आला. रस्ता मोकळा. "चला, एका रांगेत, घोषणा नाहीत." घोषणा दिल्याच, पण हळू. तात्या जाताना म्हणाले, "हवालदार, पुढच्या मॅचला आमी चार मारतोय बगा." मघाशी पास मोजणारा माणूस हा.

ठाण्यात येऊन नोंद केली, बंदोबस्त शांततेत, अनुचित प्रकार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत गंगावेशीत गेलो तर कट्ट्यावर वाद पेटलेलाच होता. क्लीन शीट, उन्हाचं मैदान हे कुणी काढलंच नाही. चालत होते ते दोनच मुद्दे, उजवा बॅक आणि ब्राझील चौऱ्याण्णव. हरलेल्या पेठेचा एक दुधाचा ग्लास हातात धरून सांगत होता, "हरलो, पण खेळलो आम्हीच." त्यांच्याही गॅलरीत काल चाळणी झाली असणार, फक्त ती ऐकायला दुसरा कुणीतरी हवालदार होता.

पुढची मॅच त्या जिंकलेल्या संघाची आणि आमच्या तालमीची होती. संध्याकाळी मी तालमीत गेलो आणि आमच्या कोचला बाजूला घेऊन सांगितलं, आपला विंगर त्यांच्या उजव्या बॅकवर घालू नकोस, पलीकडनं जा. कोच म्हणाला, "तू मॅच बघितलीस?"

"नाही," म्हणालो.

त्यानं ऐकलं नाही. विंगर त्याच बाजूनं घातला, आणि हाफटाइमला बदलला.