मशीनला अनुदान मिळतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, मशिनीले सबसिडी भेटते का?"

राळेगावच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या रांगेत, हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे बहुतेक माझ्याच धंद्यात उतरू पाहणारे असतात. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या), आरा गिरणीचा भुसा दाबून पांढरा कोळसा, म्हणजे जळणाच्या विटा, करायचा आणि बॉयलरवाल्यांना विकायचा. भेटते. मलाही भेटली. पण ती कधी भेटते हे न विचारताच लोक मशीन पाहायला राजकोटची गाडी पकडतात, आणि माझा जीव तिथेच खालीवर होतो.

माझा प्रकल्प २८ लाखांचा होता. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे सगळे ज्याला पीएमईजीपी म्हणतात त्यात, उत्पादनाच्या धंद्याला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. युनिट खेड्यात असेल तर सर्वसाधारण गटाला २५ टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के अनुदान आहे. शहरात हेच दहा-दहा टक्क्यांनी कमी होतं, म्हणून ग्रामीण भागाचा दाखला आधी काढून ठेवा. मी बाई, युनिट गावात, म्हणून मला ९ लाख ८० हजार बसले. स्वतःचे ५ टक्के, १ लाख ४० हजार मी घातले. राहिलेले २६ लाख ६० हजार बँकेचं कर्ज.

आता नीट ऐका. ते ९ लाख ८० हजार एक दिवसही माझ्या हातात आले नाहीत. बँकेने कर्जाचा पहिला हप्ता दिल्यावर ती रक्कम सरकारकडून बँकेत आली, माझ्या नावाने ठेव म्हणून अडकली आणि तीन वर्षं तिथेच राहिली. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट खरंच चालू आहे याची जागेवर पाहणी होते, मग ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे मशीनवाल्याला दिलेला रुपया न् रुपया कर्जाचा आणि घरचा असतो. तीन वर्षं धंदा टिकला तर अनुदान तुमचं. म्हणून मी प्रत्येकाला उलट विचारते, पावसाळ्यात मशीनला खायला काय घालणार?

आमच्याकडे कपाशीची शेवटची वेचणी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं रिकामी होतात. तेवढ्या दोन-अडीच महिन्यांत वर्षाचा माल जमवावा लागतो. शेतकरी द्यायला तयारच असतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्याचा कापूस खाल्ला, तेव्हापासून पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी खातं सांगत आलंय, कारण उरलेल्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. "घेऊन जा नं ताई, तशीबी जाळतोच," असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण अख्खी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली तर ट्रॉली दिसायला डोंगराएवढी आणि वजनाला काहीच नाही. डिझेलचा खर्च मालापेक्षा जास्त होतो. म्हणून मी ट्रॅक्टरमागे कटर लावून शेतातच कुट्टी करते. त्याच ट्रॉलीत कितीतरी जास्त माल बसतो, आणि अळीही कुट्टीत भरडून जाते.

हिशोब करा. माझं युनिट एका पाळीत दिवसाला चार टन कुट्टी खातं. महिन्याचे २५ दिवस धरले तर पावसाळ्याच्या चार महिन्यांना ४०० टन लागतात. तोडणी, कुट्टी, वाहतूक धरून मला टनाला दोन हजार पडले. म्हणजे एक विटही विकायच्या आधी ८ लाखांचा माल शेडमध्ये, ताडपत्रीखाली पडून. माझा पहिला प्रकल्प अहवाल एका जाणकाराने करून दिला होता. त्यात खेळतं भांडवल २ लाख लिहिलं होतं. बँकेने अर्ज परत केला तेव्हा मला रडू आलं. आज वाटतं, तो परत आला हे बरंच झालं. तसाच मंजूर झाला असता तर जुलैतच मशीन थंड पडलं असतं. दुसऱ्या वेळी अहवाल मी स्वतः बसून लिहिला आणि ८ लाख मांडले.

तो आकडा फुगवूनही चालत नाही. नियम असा आहे की त्या तीन वर्षांत एकदा तरी खेळत्या भांडवलाची मर्यादा पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. नाही वापरलंत, तर त्या प्रमाणात अनुदान परत जातं. हे फारसं कुणी सांगत नाही.

मशीनचंही सांगते. कॅटलॉगमध्ये ताशी एक टन लिहिलेलं असतं, पण ते कोरड्या भुशावर. पऱ्हाटीची साल दोऱ्यासारखी निघते, हॅमर मिलच्या, म्हणजे काडी भरडणाऱ्या यंत्राच्या, जाळीत गुंडाळते, आणि माणूस हातात सळी घेऊन तिथेच उभा राहतो. अहवालात कॅटलॉगचा आकडा घालू नका. दहा पोती तुमची कुट्टी घेऊन मशीनवाल्याकडे जा आणि डोळ्यांदेखत काढून दाखवायला सांगा. यात डिंक वगैरे काही घालत नाहीत. दाबाने उष्णता होते, काडीतलं लिग्निन नावाचं द्रव्य मऊ पडतं आणि तेच चिकटवतं. ओल मात्र १२ टक्क्यांच्या वर गेली की डायमधून, म्हणजे साच्यातून, वाफ फुटते, बंदुकीसारखा आवाज होतो आणि विटेचे तुकडे पडतात. पहिल्या पावसाळ्यात आमच्याकडे तो आवाज आला तेव्हा शेजारच्या गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली होती.

मशीन आधी घेऊन अर्ज मागून करू, असं मनात असेल तर कृपा करून थांबा. पीएमईजीपीचं पहिलं कर्ज नव्या युनिटलाच मिळतं. आमच्या नात्यातल्या एका मुलाने शेत गहाण ठेवून मशीन आणलं, चालू केलं, मग अर्ज भरला. तो अपात्र ठरला. हुशार, कष्टाळू मुलगा. ते शेत अजून सुटलेलं नाही.

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०२२ मध्ये पांढऱ्या कोळशाच्या युनिटला ताशी एक टन क्षमतेमागे ९ लाख, जास्तीत जास्त ४५ लाख, असं साहाय्य जाहीर केलं. तेही मशीन चालू होऊन तपासणी झाल्यावरच मिळणारं. आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून अनुदान घेतलेलं युनिट पीएमईजीपीत बसत नाही, तेव्हा कुठल्या दारात जायचं ते आधीच ठरवा. दोन्ही योजनांची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या दिवशीचे नियम संकेतस्थळावर स्वतः वाचा. अर्ज फुकट आहे, उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, तीही फुकट आहे. पीएमईजीपीसाठी सरकारने एकही एजंट नेमलेला नाही. दहा टक्के मागणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

वीजकेंद्रांत कोळशासोबत ५ टक्के बायोमास जाळायचं धोरण आल्यापासून मला फोन वाढले आहेत. त्यांना लागते ती पेलेट, म्हणजे बारीक गोळी. तिचं मशीन वेगळं. माझ्या ९० मिलिमीटरच्या विटा बॉयलरवाले घेतात, आणि अर्ज करण्याआधी मी दोघांकडून त्यांच्या लेटरहेडवर खरेदीचं पत्र आणलं होतं. बँकेच्या साहेबांनी माझी फाइल चाळली, पण ती दोन पत्रं मात्र त्यांनी पूर्ण वाचली.

पाहणीला माणूस आला तो मे महिन्यात, भर दुपारी. त्याने शेडवरच्या पाटीचा फोटो काढला, मशीनचा काढला, वीजबिलं पाहिली, मजुरांशी बोलला. मग ताडपत्री उचलून कुट्टीचा ढीग पाहिला आणि मूठभर हातात घेऊन चोळली. ती कडकड मोडली.

तुम्हाला माझं युनिट पाहायचं असेल तर जरूर या. मार्चमध्ये या, म्हणजे कटर शेतात चालू असेल. येताना तुमच्या शिवारातली एक पोतं काडी आणा. आधी तिची ओल मोजू, मग अर्जाचं बोलू.